भोंगा वाजला की गिझर बंद

ब्रेनोय, ९ सप्टेंबर

सियूरदादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर वाचून फाड, एवढंच मागणं आहे.

आज मी नवी बोट चालवली. बॅटरीवरची. धक्क्यावर बँड होता, शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी होती, आणि मी सुकाणूपाशी दांडा धरून उभी होते. दादा, आवाजच नाही रे. जुनी बोट सुटताना कपातली कॉफीसुद्धा नाचायची, आठवतंय ना? आज मी दांडा पुढे ढकलला आणि बोट अशी सरकली की मलाच खोटं वाटलं. बोटीच्या नाकापाशी पाणी फाटतं ते ऐकू येत होतं. माणसं आपोआप हळू बोलायला लागली, चर्चमध्ये बोलतात तशी.

फक्त बेकरीवाल्या बोर्गहिल्डमावशी हळू बोलल्या नाहीत. पायऱ्या चढून थेट माझ्यापाशी आल्या.

"बंद पडली का गं?"

"नाही मावशी, चालू आहे."

"मग आवाज कुठाय?"

"आवाज नसतोच हिला."

"मग आपण निघालो हे मला कळायचं कसं?"

"खिडकीतून बघा."

त्यांनी बघितलं. बेट मागे पडत होतं. "हं," म्हणाल्या, आणि खाली गेल्या.

बाबा पण आले होते. चाळीस वर्षं समुद्रात काढलेला माणूस, पुढच्या बाकावर टोपी मांडीत घेऊन बसला होता. मध्येच उठून खाली यंत्राच्या खोलीत गेले, परत आले, परत गेले. शेवटी मला म्हणाले, "खाली कोणी नाही." एवढंच. पण तोंडावर जे होतं ते तू बघायला हवं होतंस.

तू म्हणशील, खेळणं आहे. म्हण. समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर जन्म काढलेल्या माणसाने आणखी काय म्हणायचं? पण मी बावीस वर्षं त्या डिझेलच्या धुरात शिट्ट्या मारत उभी होते आणि आज पहिल्यांदा माझ्या कपड्यांना समुद्राचा वास आला.

ईस्टरच्या भांडणाचं मी काढत नाही. तुझ्या पहिल्या पगाराची, बाबांचं घर तापवणारी तेलाची भट्टी तू स्वतः तळघरात उतरवली होतीस, आणि बाबांनी तुला न विचारता ती काढली, हे तुला लागलं. सरकारने तेलाच्या भट्ट्या काढायला सांगितल्याच होत्या, पण एक फोन करायला काय जात होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. आणि तू वॉफल ताटात तसंच टाकून "तीस वर्षं माझ्या तेलावर शेकलात तेव्हा चाललं" म्हणून निघून गेलास, ते त्यांना लागलं. आता ते तुझं नाव घेत नाहीत, तुझ्या शहराचं घेतात. "स्टावांगरचा तो" म्हणतात.

बाबांचं घर छान गरम आहे. विजेवर घर तापवणारा नवा हीट पंप उत्तम चालतो. काळजी करू नकोस.

गुडनी


ब्रेनोय, २० ऑक्टोबर

दादा,

उत्तर नाही, तरी लिहिते. पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे तू घेतलंस.

बोट अजून तितकीच लाडकी आहे. सकाळी काळोखात धक्क्याला लागते तेव्हा किनाऱ्यावरून वीज भरणारा यंत्राचा हात आपण होऊन पुढे येतो, चाचपडत भोक शोधतो आणि घट्ट धरतो. वासराने कास शोधावी तसा. माणसं उतरतात, गाड्या चढतात, तेवढ्यात तिचं पोट भरतं. रोज बघते आणि रोज हसू येतं.

पण तिचं पोट भरताना गावाला घेरी येते. आधी आम्हाला कळलंच नाही. दिवे मिणमिणायचे, लोक बल्ब बदलायचे. मग बोर्गहिल्डमावशींची विजेची भट्टी बंद पडली, कणीक फुगलेली, पाव आत. पुन्हा दुसऱ्या दिवशी. मग त्या घड्याळ घेऊन खिडकीत बसल्या आणि बोटीच्या वेळा लिहून काढल्या. त्या दिवशी गावात दालचिनीच्या पावांऐवजी बातमी विकली गेली: गुडनीची बोट गावाचं रक्त पिते.

वीज कंपनीची एक इंजिनियर आली, व्हेस्लेमोय नावाची. हसरी आहे, पण शब्द मोजून बोलते. तिने कॉफी घेता घेता समजावलं. वीज कमी नाही, समुद्राखालून येणारी केबल बारीक आहे. आजोबांच्या काळात चार दिव्यांसाठी टाकलेली. आता घराघरात तेल गेलं आणि हीट पंप आले, अंगणात विजेच्या गाड्या उभ्या राहिल्या, आणि वरून ही बोट. सगळ्यांना एकाच वेळी तहान लागते.

"मग जाड केबल टाका," मी म्हटलं.

"टाकणार आहोत. रांगेत तुमच्या पुढे निम्मा किनारा आहे. तीन-चार वर्षं धरा."

तोवर तिने एक कुलूप बसवलं आहे. गावावर ताण आला की बोटीची वीज आपोआप तोडली जाते. म्हणजे दिवे मिणमिणत नाहीत, बोट उपाशी राहते.

बाबा ठीक. घरात टोपी घालून बसतात, पण ती सवय. खिडक्यांच्या फटी मी लोकरीने बुजवल्या. पंपाचं बाहेरचं खोकं बसवणाऱ्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर, बरोबर दारावर टांगलं आहे. खारा वारा तिथेच थडकतो. ते गुणगुणतं आणि बोर्गहिल्डमावशींना त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. "तुझ्या बापाने घरात बैल बांधलाय का?" असं विचारून गेल्या.

बाकी सगळं उत्तम.

गुडनी


ब्रेनोय, १८ नोव्हेंबर

दादा,

काल सभा झाली. समाजघरात खुर्च्या पुरल्या नाहीत. थंडी पडल्यापासून घराघरातले पंप जोरात चालतात, आणि बोटीला अर्ध्या पोटी सुटावं लागतं. मी फेऱ्या रद्द केल्या. एका दुपारी माशांचा ट्रक पलीकडे जाऊ शकला नाही. एकाची डॉक्टरची वेळ हुकली. फेरी रद्द झाल्याचं मलाच माइकवर सांगावं लागतं, आणि सांगून झालं की मी दार लावून घेते.

जिल्ह्याचे अधिकारी आले होते. चांगला माणूस, पण थकलेला. म्हणाले, जानेवारीत एक आठवडा बघू. बोट वेळापत्रक पाळू शकली नाही, तर डिझेलची बोट परत आणू आणि ही दुसऱ्या खाडीला देऊ, तिथली केबल जाड आहे.

अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादा. माझ्याच गावात.

बोर्गहिल्डमावशी उठल्या. "मला बोटीचं वावडं नाही. पण तेल काढा म्हणालात, काढलं. विजेवर या म्हणालात, आलो. सगळ्यांनी मिळून जेवायला बोलावलंत आणि ताट तेवढं एकच ठेवलंत." लोक हसले. मला हसता आलं नाही, कारण खरं होतं.

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. म्हटलं, जुन्या बोटीचा धूर धक्क्यावर उभ्या बाळगाड्यांत जायचा ते विसरलात का. म्हटलं, मला फक्त थोडा वेळ द्या, काहीतरी मार्ग निघेल. कोणीतरी मागून ओरडलं, "कोण काढणार, तू?"

म्हणून खरं ते लिहिते. हे पत्र मी ख्यालीखुशालीसाठी लिहीत नाहीये. तुझ्या फलाटावर तुम्ही समुद्राच्या मध्यात मोजक्या विजेवर एक अख्खं गाव चालवता. तुला ते काम येतं. तुझं माझ्या बोटीबद्दल काय मत आहे ते मला ठाऊक आहे, बदलू नकोस. फक्त सांग, कमी पडलं की तुम्ही काय करता?

बाबा सध्या माझ्याकडे आहेत, थोडा बदल म्हणून. माझ्यासमोर बसून डाव्या हाताने कॉफी पितायत आणि विचारतायत, कोणाला एवढं लांबलचक लिहितेस. मी म्हटलं, करखात्याला.

गुडनी


ब्रेनोय, ४ डिसेंबर

दादा,

तुझं पाकीट आलं आणि मी ते धक्क्यावरच उघडलं, गाड्या चढत होत्या तरी. चार पानं. ना "प्रिय", ना "कशी आहेस". सरळ: "जनरेटर पडला की आम्ही रडत नाही. आधी कपडे धुण्याची यंत्रं बंद. मग स्वयंपाकघर. मग गरम पाणी. गरम पाण्याच्या टाकीला तासभर वीज नसली तरी कोणाला कळतसुद्धा नाही. तुमच्या बेटावर किती टाक्या आहेत?"

मी तिथेच उभी राहून हसायला लागले. प्रत्येक घरात एक आहे, दादा. एवढा मोठा पिंप, तळघरात नाहीतर न्हाणीत, दिवसभर स्वतःशीच तापत बसलेला. बोट धक्क्याला असते तेवढा वेळ सगळे गिझर झोपले, तर केबलमध्ये जागा होते. नवीन काही विणायला नको, जाड काही टाकायला नको.

व्हेस्लेमोयला फोन लावला. तिने तिकडे कागद चाळले. मग म्हणाली, "हे आमच्या पुढच्या वर्षीच्या योजनेत आहे. लांबून बंद करता येणारी बटणं, आणि धक्क्यावर एक मोठी बॅटरी, जी सावकाश भरेल आणि बोटीला पटकन देईल." मी म्हटलं, पुढच्या वर्षी बोट नसेल. बटणं हातांनी दाबली तर? "लोकांना कळणार कसं कधी दाबायची ते?" माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. बोटीला भोंगा आहे.

तर असं ठरलं. मी धक्क्याला येताना एक लांब भोंगा. गिझर बंद, कपड्यांचं यंत्र बंद, गाडीची वायर काढा. सुटताना दोन आखूड. सगळं परत चालू. मी आणि शाळेच्या बाई दारोदार फिरलो. कोणी म्हणालं वेडेपणा आहे, कोणी म्हणालं युद्धातल्यासारखी मजा येईल. माझ्या शेजारच्याने लगेच तळघरात जाऊन बटणाला लाल फडकं बांधलं, विसरायला नको म्हणून. सुटका झालेल्या वासरासारखी मी घरोघर उड्या मारत होते.

बोर्गहिल्डमावशींनी दारातच ऐकून घेतलं. "मी बोटीच्या भोंग्यावर नाचत नाही. माझे पाव पहाटे चढतात, ते कोणाचं ऐकत नाहीत." आणि दार लावलं.

तू लिहिलंस, हे कोणी सुचवलं ते सांगू नकोस. नाही सांगितलं. पण बाबांना जेवताना बेत समजावत होते, आणि मी "आधी कपडे धुण्याची यंत्रं" म्हणाले मात्र, त्यांनी काटा खाली ठेवला. "हे डोकं कोणाचं आहे ते मला कळतं," म्हणाले. मग बराच वेळ बटाटा कुस्करत बसले.

आता तुझी शेवटची ओळ. चार पानं विजेची, आणि तळाला एवढंच: "बाबा डाव्या हाताने का पितात?"

मी लिहिताना लक्षातच आलं नाही. तू मात्र नेमकं तेच वाचलंस. बाबांनी मला शपथ घातली होती, पण आता काय लपवायचं. पंपाचं ते खोकं दारावर आहे ना, थंडीत त्याच्यावर बर्फ धरतो, मग ते स्वतःला तापवून तो वितळवतं, आणि पाणी थेंब थेंब खालच्या पायरीवर पडतं. रात्रीत पायरीची काच झाली होती. बाबा सकाळी दूध आणायला निघाले आणि घसरले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टरमध्ये आहे, दुखत नाही म्हणतात. डोक्याला लागलं नाही. घरी एकटं ठेवावंसं वाटेना, म्हणून इथे आणलं. "स्टावांगरच्या त्याला कळवू नकोस," म्हणाले. "तो म्हणेल, माझ्या भट्टीने कधी कोणाला पाडलं नाही."

म्हण, हवं तर. पण ते खोकं कुठे लावायचं ते पण सांग.

गुडनी


ब्रेनोय, १५ जानेवारी

दादा, दादा,

हात गारठलेत, अक्षर समजून घे. आज चाचणीचा शेवटचा दिवस होता आणि मला आत्ताच्या आत्ता कोणाला तरी सांगायचं आहे.

आठवडाभर बरं गेलं. भोंगा वाजला की गावातल्या तळघरांतून खटाखट बटणं पडायची. एक म्हातारे गृहस्थ तर अंगणात उभं राहून मला सलाम करायचे. पण आज पहाटे पूर्वेचा वारा सुटला आणि पारा असा उतरला की दोरखंड काठीसारखे ताठ झाले. सगळे पंप पूर्ण जोरात. आणि नेमके आजच अधिकारी बोटीवर, सुकाणूच्या खोलीत, माझ्या शेजारी.

बेटाला येताना मी लांब भोंगा दिला. धक्क्यावर व्हेस्लेमोय हातात मोबाइल घेऊन उभी. त्यावर सगळ्या बेटाची वीज दिसते. यंत्राचा हात आला, धरला. मी रेडिओवर विचारलं, "कसं?"

"चढतंय," ती म्हणाली. "गिझर बंद झालेत, दिसतंय. पण चढतंयच. थंडी फार आहे."

"किती जागा उरली?"

"फारशी नाही. गुडनी, कुलूप पडणार आहे."

बॅटरी अर्धीसुद्धा भरली नव्हती. तशी सुटले असते तर पुढची फेरी रद्द, आणि ती रद्द म्हणजे सगळंच संपलं. अधिकारी वहीवर पेन्सिल टेकवून उभे होते. मला दुसरं काही सुचेना. मी पुन्हा भोंगा धरला. ठरलं होतं त्यात नव्हतं हे. एक लांब, आणि परत एक लांब, आणि परत. मागणं मागितल्यासारखा.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एका धुराड्यातून धूर आला. मग त्याच्या शेजारच्या. मग वरच्या आळीत. दादा, लोक हीट पंपच बंद करून लाकडाच्या शेगड्या पेटवत होते. मी खिडकीतून बघत होते, एकामागून एक, सगळ्या डोंगरउतारावर, आणि डोळ्यांत पाणी येऊन मला धूर नीट दिसेना.

"थांबलं," व्हेस्लेमोय म्हणाली. "काठावर थांबलंय. हलत नाहीये." आणि मग, "अरे, पडलं. एकदम खाली आलं. काहीतरी फार मोठं बंद झालं."

काय ते मला धक्क्याच्या रस्त्याकडे बघून कळलं. बोर्गहिल्डमावशी बर्फातून येत होत्या, एप्रनवर कोट, हातात पाटी. तरातरा चढून वर आल्या. पाटीत पाव होते, चपटे, फिकट, मध्यभागी खड्डा पडलेले. त्यांनी एक उचलून अधिकाऱ्यांच्या हातात ठेवला.

"हा घ्या. अर्धा भाजलाय. आज गावाला हेच मिळणार."

"तुम्ही भट्टी बंद केलीत?" ते म्हणाले.

"मग काय, आपोआप विझली?" मग माझ्याकडे वळल्या. "पाव उद्या परत चढेल. पण अशी बोंब मारत जाऊ नकोस, पोरी. माझी मांजर पलंगाखाली गेली."

मला त्यांना मिठी मारायची होती, पण माझा हात दांड्यावर होता, आणि बोट भरली होती. वेळेवर सुटले. दोन आखूड भोंगे दिले, आणि मागे अख्खं बेट परत सुरू झालं. अधिकाऱ्यांनी पलीकडे पोहोचेपर्यंत तो पाव संपवला. निकाल कागदावर कळवू म्हणाले.

बाबा दिवसभर माझ्या खिडकीत बसून होते. सकाळी माझ्या घरातला पंप त्यांनीच बंद केला, डाव्या हाताने. शेगडी पण त्यांनीच पेटवली. म्हणाले, "पहिला धूर माझा होता." कोणी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही.

गुडनी


ब्रेनोय, ६ मार्च

दादा,

बोट राहिली.

काल कागद आला. उन्हाळ्यात धक्क्यावर बॅटरी बसते आहे, आणि गिझरना लांबून झोपवणारी बटणं घरोघर. व्हेस्लेमोय म्हणते, आमचं बघून आणखी दोन बेटांनी तशीच मागणी केली आहे. केबल जेव्हा यायची तेव्हा येईल. तोवर भोंगा आहे. सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. अजून एक-दोन घरं मुद्दाम बटण दाबत नाहीत, आणि कडक थंडीत बाबांच्या जुन्या घराला पंपाच्या जोडीला शेगडी लागतेच. पण मी आज सकाळी सुकाणूपाशी गाणं म्हणत होते, आणि प्रवाशांना ऐकू आलं, कारण आवाज झाकायला इंजिन नाही.

बोर्गहिल्डमावशी आता पहिल्या बोटीच्या आधी आणि नंतर भाजतात. मधल्या वेळात कॉफी पितात. म्हणतात, तीस वर्षांत पहिल्यांदा बसून प्यायले. आणि चपटे पाव लोक मागून नेतात. त्यांनी किंमत वाढवली आहे.

तू पाठवलेलं चित्र मिळालं. खोकं पूर्वेच्या भिंतीवर, जमिनीपासून वर, खाली पाण्याला पन्हळ, पायरीपासून लांब. बाबांचं प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात त्यांनी आणि शेजाऱ्याने ते हलवलं. मिस्त्री बोलवू म्हटलं तर ऐकेनात. नळ्या जोडायला तेवढा मिस्त्री आला, भोकं यांनीच पाडली. तुझं चित्र भिंतीला चिकटवून, चष्मा लावून. आता गुणगुण ऐकू येत नाही आणि पायरी कोरडी आहे. ते कालच परत आपल्या घरी राहायला गेले.

मी हे पत्र त्यांच्याच टेबलावर लिहिते आहे. ते म्हणतायत, करखात्याला त्यांना पण दोन ओळी लिहायच्या आहेत. कागद देते.

गुडनी


सियूर,

हात अजून कापतो. वाचता आलं तर वाच.

यंत्र तू सांगितलंस तिथे लावलं. वाकडं बसलंय. उजवीकडे दोन बोटं खाली. गुडनी म्हणते सरळ आहे. तिला काय कळतं. रोज लाकडं आणायला घरामागे गेलो की दिसतं मला.

मला शिडीवर चढू देत नाहीत.

तू येऊन सरळ कर.

अन्फिन, तुझा बाप